होमी भाभा: कॉम्प्युटर घरी बांधला, अणुभट्टी विकत आणली

आमच्या चिंचणीत होमी भाभांचं नाव निघालं की सगळ्यांना एकच गोष्ट आठवते, तारापूरचं अणुवीज केंद्र. साहजिकच आहे. केंद्र इथून काही किलोमीटरवर, पंचक्रोशीतल्या कित्येक घरांतली माणसं तिथे नोकरीला लागली, बोईसरला कॉलनी झाली. पण भाभांच्या आयुष्यातला एक मोठा भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. भारतात डिझाइन करून भारतातच बांधलेला पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर त्यांच्याच संस्थेत, मुंबईत तयार झाला. त्याचं नाव टिफ्रॅक.

मी डिप्लोमाच्या मुलांना असेंब्ली लँग्वेज शिकवतो. वेगवेगळ्या प्रोसेसरांची तुलना करायची वेळ आली की मी सुरुवात टिफ्रॅकच्या काळापासून करतो. कारण त्या यंत्रांत लपवलेलं काही नव्हतं. प्रत्येक आज्ञा, प्रत्येक बिट हाताने मांडावा लागायचा. आणि त्या यंत्राची गोष्ट सांगायची म्हणजे भाभांची गोष्ट सांगावीच लागते. या लेखात दोन्ही सोबत सांगतो: माणूसही आणि यंत्रही.

इंजिनिअर व्हायला पाठवलेला मुलगा

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ला मुंबईत, एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर वकील. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे टाटांच्या घरात उद्योग, पोलाद, वीज यांच्या गप्पा होमीच्या कानावर लहानपणापासून पडत होत्या. शिक्षण कॅथेड्रल शाळेत, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. घरात पुस्तकं भरपूर, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डी भरपूर, आणि चित्रकलेचा नाद तर आयुष्यभर राहिला.

१९२७ साली त्यांना केंब्रिजला पाठवलं ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. घरच्यांचा बेत सरळ होता: पोरगा शिकून येईल आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर बसेल. पण केंब्रिजमध्ये त्या वेळी भौतिकशास्त्रात नुसता धुमाकूळ चालला होता. पॉल डिरॅक तिथेच होते. होमीने वडिलांना पत्रातून स्पष्ट कळवलं की आपला ओढा भौतिकशास्त्राकडे आहे, कारखान्यात आपलं मन रमणार नाही. वडिलांनी अट घातली: आधी इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला वर्ग आण, मग गणित शिकायला पैसे देतो. १९३० साली पहिला वर्ग आला आणि वडिलांनी शब्द पाळला.

आपल्याकडे आजही दहावी-बारावीच्या घरांत ही अशीच बोलणी चालतात. फरक इतकाच की भाभांनी इंजिनिअरिंग टाकून दिलं नाही, ते पूर्ण करून पुढे गेले. पुढे आयुष्यभर ही दोन्ही अंगं त्यांच्यात राहिली. समीकरण मांडणारा आणि यंत्र कसं उभं राहील याचा हिशेब करणारा, असा एकच माणूस.

कणांचा वर्षाव आणि हाताची आकडेमोड

१९३५-३६च्या सुमारास भाभांनी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित मांडलं. भौतिकशास्त्रात आजही त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९३७ला, त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासोबत विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला.

हे सोपं करून सांगतो. अवकाशातून प्रचंड ऊर्जेचा एक कण वातावरणात घुसतो. त्यातून फोटॉन निघतो, फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते, त्यांच्यातून पुन्हा फोटॉन. एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत खाली येईपर्यंत कणांचा पाऊस होतो. किती खोलीवर किती कण सापडतील, हे काढायला समीकरणं लिहून भागत नाही, ती आकड्यांत सोडवावी लागतात. १९४०च्या दशकात भाभा आणि एस. के. चक्रवर्ती यांनी याच वर्षावाची आणखी बारकाईने गणितं केली. इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर येण्याआधी असली आकडेमोड हाताने किंवा टेबलावरच्या गणनयंत्रावर करावी लागे. एकच कृती, वेगवेगळ्या आकड्यांवर, शेकडो वेळा. प्रोग्रामिंगच्या भाषेत बोलायचं तर हा लूप आहे, फक्त तो चालवणारा माणूस आहे. कॉम्प्युटर कशासाठी हवा, हे भाभांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९३९ साली भाभा सुट्टीला म्हणून भारतात आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परत जाणं लांबलं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सी. व्ही. रामन यांच्याकडे ते रुजू झाले आणि विश्वकिरणांवर काम करणारा विभाग त्यांनी उभा केला. १९४१ला रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर केंब्रिजची दारं उघडीच होती, पण तोवर त्यांनी इथेच राहायचं ठरवलं होतं.

माणसं आधी, इमारत नंतर

मार्च १९४४मध्ये भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला एक पत्र लिहिलं. भारतात मूलभूत संशोधनाची उत्तम संस्था काढावी, असा प्रस्ताव त्यात होता. कारणही रोखठोक होतं: वीस-एक वर्षांनी जेव्हा अणूपासून वीज बनवायची वेळ येईल, तेव्हा तज्ज्ञ बाहेरून मागवावे लागू नयेत, ते इथेच तयार असावेत. तारीख लक्षात घ्या. हिरोशिमाच्या जवळपास दीड वर्ष आधीची ही गोष्ट आहे.

१ जून १९४५ला बंगळूरमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली आणि त्याच वर्षाअखेर मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. १९४९ला तिथून गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात. कुलाब्याची आजची समुद्रकाठची इमारत बरीच नंतरची, नेहरूंनी तिचं उद्घाटन जानेवारी १९६२मध्ये केलं.

मधल्या काळात भाभांकडे कामं वाढतच गेली. १९४८ला अणुऊर्जा आयोग, १९५४ला अणुऊर्जा विभाग, तुर्भ्याचं केंद्र, आणि ऑगस्ट १९५६मध्ये अप्सरा ही अणुभट्टी. अप्सराचं इंधन ब्रिटनमधून आलं, पण भट्टीचं डिझाइन आणि बांधणी इथल्या लोकांनी केली. तिला लागणारी मोजमापाची आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणंसुद्धा. भाभांची पद्धत ठरलेली होती. आधी योग्य माणूस शोधायचा, त्याच्याभोवती गट वाढवायचा, मग इमारत आणि पैसा. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं: आधी कोनशिला, मग इमारत, मग जाहिरात देऊन माणसं.

टिफ्रॅक: आधी छोटं, मग मोठं

कॉम्प्युटरच्या बाबतीत असा माणूस मिळाला तो रंगस्वामी नरसिंहन. अमेरिकेत कॅलटेकमध्ये विद्युत अभियांत्रिकी आणि इंडियाना विद्यापीठात गणितात डॉक्टरेट करून ते १९५४ला टीआयएफआरमध्ये आले. तोवर भारतात डिजिटल कॉम्प्युटर नव्हताच. कोलकात्यात महालनोबिसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये एचईसी-२एम हे ब्रिटिश यंत्र बसलं तेही १९५५-५६च्या सुमारास, आणि ते विकत आणलेलं होतं. टीआयएफआरने दुसरा रस्ता घेतला, स्वतः बांधायचा.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. टिफ्रॅकचं डिझाइन भाभांचं नाही. ते नरसिंहन आणि त्यांच्या तरुण गटाचं. भाभांनी काय केलं? काम करायला जागा दिली, पैसा दिला, आणि जमेल की नाही याची खात्री नसताना वाट पाहिली. गटाने आधी एक लहान पायलट मशीन बांधलं. ते १९५६मध्ये चालू झालं. त्यावर हात बसल्यावर १९५७पासून मोठ्या यंत्राला हात घातला आणि फेब्रुवारी १९६०मध्ये ते कामाला लागलं. टिफ्रॅक हे नाव नेहरूंनी १९६२ला दिलं, तोवर ते नुसतं टीआयएफआरचं यंत्र होतं.

आकडे बघा. सुमारे २,७०० व्हॅक्युम ट्यूब, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. मेमरी फेराइट कोअरची, म्हणजे बारीक चुंबकीय कड्या तारांत ओवून बनवलेली. त्यात ४० बिटांचे २,०४८ शब्द मावायचे. हिशेब केला तर सगळी मिळून १० किलोबाइट. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या चित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. तरीही त्या १० किलोबाइटवर देशभरातल्या संशोधकांनी आपली गणितं सोडवली. प्रोग्राम कागदी फितीवर भोकं पाडून आत जायचा आणि उत्तर टेलिप्रिंटरवर बाहेर यायचं. एक कॅथोड रे ट्यूबचा पडदाही जोडलेला होता, त्यावर आलेख दिसायचे.

४० बिटांत दोन आज्ञा

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. ४० बिटांचा शब्द का? हा त्या काळचा एका घराण्याचा वारसा आहे. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये जॉन फॉन नॉयमान यांच्या गटाने जे यंत्र बांधलं, त्याचा शब्द ४० बिटांचा होता. त्याची माहिती खुली होती, म्हणून जगभरात त्याच धर्तीवर अनेक यंत्रं बनली. प्रिन्स्टनच्या यंत्रात एका शब्दात २० बिटांच्या दोन आज्ञा बसायच्या. प्रत्येक आज्ञेत ८ बिट काय करायचं याचे, म्हणजे ऑपकोड, आणि १२ बिट कुठे करायचं याचे, म्हणजे मेमरीतला पत्ता.

समजा ५०० आणि ५०१ या पत्त्यांवरचे आकडे बेरजेला घ्यायचे आहेत. प्रिन्स्टनच्या यंत्रात पहिल्या दोन आज्ञांचा शब्द असा दिसेल:

०००००००१ ०००१११११०१०० ०००००१०१ ०००१११११०१०१

पहिले आठ बिट म्हणजे आण. पुढचे बारा म्हणजे ५००. मग आठ बिट म्हणजे मिळव. शेवटचे बारा म्हणजे ५०१. बस्स. याला मशीन कोड म्हणतात. असेंब्ली लँग्वेज म्हणजे हेच, फक्त माणसाला वाचता येईल अशा नावांनी लिहिलेलं:

आण ५००
मिळव ५०१
ठेव ५०२

एका ओळीला एक आज्ञा. असेंब्ली नावाची काही वेगळी जादू नाही. नावांवरून बिट करणारा जो प्रोग्राम, तो असेंब्लर. टिफ्रॅक सुरू झाला तेव्हा वापरणाऱ्याला थेट शून्य आणि एकच्या भाषेत लिहावं लागायचं.

आमच्या चिंचणी-वाणगाव पट्ट्यात दागिन्यांचे डाय बनवणारे कारागीर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी कोरायची, मग त्यावर सोन्याचा पत्रा दाबला की दागिना उठतो. मुलांना मी हेच उदाहरण देतो. ग्राहक दागिना बघतो, कारागीर ठोकळा बघतो. मोबाइलवरचं ॲप हा दागिना, मशीन कोड हा ठोकळा. ठोकळ्यात एक रेघ चुकली की प्रत्येक दागिन्यात तीच चूक उठणार.

वरच्या बेरजेत आकडा ठेवायला प्रोसेसरच्या आत एकच मुख्य जागा वापरली आहे, ॲक्युम्युलेटर. सगळी बेरीज-वजाबाकी तिथेच. म्हणून आज्ञेत एकच पत्ता लागतो. यंत्र सोपं होतं, पण प्रोग्रामरचे हाल होतात. शंभर आकड्यांची बेरीज करायची झाली तर दर फेरीला पत्ता एकने वाढवायला हवा. प्रिन्स्टनच्या यंत्रात त्यासाठी प्रोग्राम स्वतःच्याच आज्ञेतले पत्त्याचे बिट बदलायचा. चालत्या गाडीचं चाक बदलण्यासारखा प्रकार.

मग यंत्र विकत घेतलं

टिफ्रॅक चालू झाला तेव्हा जग पुढे सरकलं होतं. व्हॅक्युम ट्यूब जाऊन ट्रान्झिस्टर आले होते. टीआयएफआरची गणितं टिफ्रॅकच्या आवाक्याबाहेर चालली होती. १९६४ला अमेरिकेची सीडीसी ३६०० ही यंत्रणा कुलाब्याला आली आणि १९६५ला टिफ्रॅक बंद झाला. पाच वर्षांचं आयुष्य.

आर्किटेक्चरच्या नजरेने बघितलं तर मोठी उडी होती. शब्द ४८ बिटांचा. ए आणि क्यू अशी दोन मुख्य रजिस्टरं, आणि त्याशिवाय सहा इंडेक्स रजिस्टरं. इंडेक्स रजिस्टरमुळे वरचा चाक बदलण्याचा त्रास संपला: आज्ञा तशीच ठेवायची, इंडेक्स एकने वाढवायचा, पत्ता आपोआप पुढे सरकतो. त्यासोबत फोर्ट्रान भाषा आली आणि कंपास नावाचा असेंब्लरही. बिट मोजत बसायची गरज उरली नाही.

मग टिफ्रॅक बांधण्यात काय मिळवलं? हा प्रश्न मला मुलं दरवर्षी विचारतात आणि तो योग्यच आहे. माझं उत्तर असं. सीडीसी आली तेव्हा ती समजून घेणारी, वापरणारी, तिच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं मुंबईत तयार होती. ती आकाशातून पडली नव्हती. ज्यांनी स्वतःच्या हाताने बेरीज करणारं सर्किट जोडलंय, त्यांना दुसऱ्याचं यंत्र काळी पेटी वाटत नाही. यंत्र पाच वर्षांत जुनं झालं, माणसं नाही.

तारापूर

आता आमच्या गावाजवळच्या गोष्टीकडे. इथे भाभांनी बरोबर उलटा निर्णय घेतला.

भाभांचा दीर्घ बेत सगळ्यांना माहीत आहे: आधी नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या जड पाण्याच्या भट्ट्या, मग फास्ट ब्रीडर, मग थोरियम. पण देशातलं पहिलं अणुवीज केंद्र या बेतात बसणारं नव्हतं. तारापूरसाठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची उकळत्या पाण्याची भट्टी निवडली गेली. तिला समृद्ध युरेनियम लागतं, आणि ते अमेरिकेतून यायचं होतं. १९६३ला अमेरिकेशी करार झाला, १९६४ला कंपनीशी, आणि केंद्र कंपनीने पूर्ण उभं करून हातात द्यायचं ठरलं. कारण उघड होतं. अणुवीज भारतात परवडते, हे लवकर आणि खात्रीने दाखवायचं होतं. मुंबई आणि गुजरातच्या मधली जागा, समोर अरबी समुद्राचं थंड करायला पाणी. १९६९मध्ये दोन्ही युनिटं वीज देऊ लागली.

वीज मिळाली, पण दुसऱ्याच्या इंधनावर. १९७४ला पोखरणची चाचणी झाली. १९७८ला अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि तारापूरचं इंधन अडलं. पुढे १९८०च्या दशकात फ्रान्सकडून सोय झाली. भट्टी इथे, कामगार इथले, समुद्र इथला, पण पेटवायची चावी दुसऱ्या देशात. नंतरची तीन आणि चार नंबरची युनिटं, ५४० मेगावॉटची, २००५-०६मध्ये सुरू झाली. ती देशी डिझाइनची, नैसर्गिक युरेनियमवर चालणारी, म्हणजे भाभांच्या मूळ बेतातली. पण त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपली जागा सोडावी लागली. स्वावलंबनाची किंमत सगळे सारखी भरत नाहीत, हे आमच्या भागात वेगळं सांगावं लागत नाही.

मी हे भाभांना दोष द्यायला लिहीत नाही. प्रत्येक गोष्ट स्वतः बांधायला गेलं तर आयुष्य पुरत नाही. भाभांनी कॉम्प्युटर बांधला आणि मग विकत घेतला. अणुभट्टी एक बांधली, अप्सरा, आणि एक विकत घेतली, तारापूर. हिशेब प्रत्येक वेळी वेगळा होता. पण विकत घेतलेल्या वस्तूचं नियंत्रण कुणाकडे राहतं, हा प्रश्न तारापूरने जितका उघडा करून दाखवला, तितका दुसऱ्या कशानेच नाही.

मॉं ब्लां

१९६२च्या चीन युद्धानंतर इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपण किती परावलंबी आहोत ते दिसलं. १९६३ला सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्या दहा वर्षांत सुट्या भागांपासून कॉम्प्युटरपर्यंत देशात काय काय बनायला हवं, याचा आराखडा तिने केला. अहवाल १९६६ला आला. तो प्रत्यक्षात कसा उतरतो हे बघायला भाभा नव्हते.

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली, बैरूतमार्गे जिनिव्हाला उतरत असताना आल्प्समधल्या मॉं ब्लां पर्वतावर आदळलं. ११७ जण गेले. भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. वय ५६. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. अपघाताबद्दल घातपाताच्या कहाण्या अजून फिरतात. अधिकृत चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा आणि म्हणूनच जास्त चटका लावणारा आहे: विमानातलं दिशादर्शक उपकरण बिघडलेलं होतं, जमिनीवरून आलेल्या सूचनेचा अर्थ वैमानिकाने वेगळा लावला, आणि डोंगर ओलांडून झाला असं समजून विमान खाली आणलं.

भाभांनी लग्न केलं नाही. मागे राहिल्या त्या संस्था, चित्रं आणि झाडं. बांधकामाच्या आड येणारी मोठी झाडं तोडण्याऐवजी मुळासकट हलवून दुसरीकडे लावायला ते सांगत. टीआयएफआरच्या प्रवेशदालनात हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र आहे, तेही भाभांच्याच काळातलं. १९६७ला तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचं नाव मिळालं.

त्यांच्यानंतर: एकच बेरीज, वेगवेगळी यंत्रं

तुर्भ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स गटातूनच १९६७ला हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली. १९६९मध्ये ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, म्हणजे टीडीसी-१२ आला. शब्द १२ बिटांचा, ट्रान्झिस्टरवर चालणारा. पुढे १६ बिटांचा टीडीसी-३१६ आला. १९८०च्या दशकात अमेरिकेने हवा तो सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला तेव्हा पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१मध्ये परम ८००० तयार झाला. त्याच सुमारास तुर्भ्यात बीएआरसीने अनुपम बांधला. तारापूरचा धडा इथे कामी आला असं मला वाटतं: प्रोसेसर बाहेरचे असले तरी त्यांची जोडणी आणि सॉफ्टवेअर आपलं ठेवायचं.

आता तीच ५०० आणि ५०१ची बेरीज चार प्रकारच्या प्रोसेसरांवर बघा. नावं इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांनी लिहितोय.

८०८५, डिप्लोमाच्या मुलांचा जुना सोबती: एलडीए, एमओव्ही बी-ए, एलडीए, एडीडी बी, एसटीए. पाच आज्ञा. ॲक्युम्युलेटर अजून राजा आहे, पण मदतीला बी, सी, डी, ई, एच, एल ही रजिस्टरं आली. टिफ्रॅकच्या पिढीचा सरळ नातू.

एक्स८६, तुमच्या लॅपटॉपमधला: एमओव्ही, एडीडी, एमओव्ही. तीनच आज्ञा, कारण मेमरीतला आकडा थेट बेरजेत घेता येतो. पण आज्ञांची लांबी एक बाइटपासून पंधरा बाइटपर्यंत काहीही असू शकते. एक आज्ञा कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे शोधण्यातच प्रोसेसरची बरीच शक्ती जाते.

ट्रान्सप्युटर, परम ८०००मधला: एलडीएल, एलडीएल, एडीडी, एसटीएल. इथे आकडे ताटांच्या चळतीसारखे एकावर एक ठेवतात. बेरीज वरच्या दोघांची होते, म्हणून एडीडीला पत्ताच लागत नाही. आज्ञा छोट्या, आणि शेजारच्या ट्रान्सप्युटरशी बोलायच्या तारा चिपमध्येच. म्हणून तर अनेक चिप जोडून सुपरकॉम्प्युटर करता आला.

एआरएम, तुमच्या मोबाइलमधला: एलडीआर, एलडीआर, एडीडी, एसटीआर. चार आज्ञा. नियम कडक आहे: मेमरीतून आणणं वेगळं, गणित वेगळं. गणित फक्त रजिस्टरांतच. ६४-बिट एआरएममध्ये प्रत्येक आज्ञा बरोबर ३२ बिटांची. सगळ्या विटा एका मापाच्या असल्या की भिंत पटापट चढते, तसंच.

यात कोण चांगला? ओळी मोजून ठरत नाही. तीन ओळींचा प्रोग्राम चार ओळींपेक्षा हळू असू शकतो. मेमरीत किती वेळा जावं लागलं, आज्ञा ओळखायला किती वेळ गेला, वीज किती खाल्ली, हे बघावं लागतं.

आणि पाचवं नाव मुद्दाम शेवटी ठेवलंय, रिस्क-फाइव्ह. बेरीज जवळपास एआरएमसारखीच: एलडब्ल्यू, एलडब्ल्यू, एडीडी, एसडब्ल्यू. ३२ रजिस्टरं, त्यातलं पहिलं कायम शून्य. मूळ संचात चाळीसच्या आसपास आज्ञा, दोन-तीन रविवारांत वाचून होतात. फरक तांत्रिक कमी आणि मालकीचा जास्त. एक्स८६ची चिप बनवायची तर परवानगी लागते. एआरएमची बनवायची तर परवाना विकत घ्यावा लागतो. रिस्क-फाइव्ह २०१०मध्ये बर्कलीला सुरू झालं आणि त्याचा आज्ञासंच खुला आहे. कुणीही त्यावर चिप बनवू शकतो. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे प्रोसेसर यावरच आधारलेले आहेत. प्रिन्स्टनच्या यंत्राची माहिती खुली होती म्हणून त्या धर्तीवर जगभर यंत्रं उभी राहिली, हे इथे पुन्हा आठवावं.

कुठून सुरुवात करायची

असेंब्ली शिकायची असेल तर माझा सल्ला असा. आधी कागदावर एक ॲक्युम्युलेटरवालं यंत्र मांडा. दहा घरांची मेमरी, एक ॲक्युम्युलेटर, पाच आज्ञा: आण, मिळव, वजा कर, ठेव, आणि ऋण असेल तर उडी मार. त्यावर एक ते दहाची बेरीज पेन्सिलीने चालवून बघा. मग ८०८५चा सिम्युलेटर घ्या. मग थेट रिस्क-फाइव्ह. एक्स८६ सर्वात शेवटी. या क्रमाने गेलात तर यंत्र साठ वर्षांत कसं कसं बदललं ते हाताला कळतं, नुसतं पाठ करावं लागत नाही.

बोईसरच्या एमआयडीसीत आज शेकडो यंत्रं पीएलसीवर चालतात. बंद पडलं की बहुतेक ठिकाणी पेटी बदलतात आणि कंपनीला फोन लावतात. पेटी उघडून आत काय बिघडलं हे सांगू शकणारी मुलगी किंवा मुलगा आपल्या पट्ट्यात तयार व्हावा, एवढ्यासाठी मी असेंब्ली शिकवतो. भाभांनी १९४४च्या त्या पत्रात टाटा ट्रस्टकडे मागितलं होतं तेही वेगळ्या शब्दांत हेच होतं.